योजनेत न बसलेला पाय

आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक खोली आहे. जिना जसा वर चढत जातो तसं तिचं छत तिरकं होत जातं. उंच बाजूला माणूस उभं राहू शकतं, बुटक्या बाजूला कपड्यांचे गठ्ठे. तिथे एक शिंपीण बसते. गल्ली तिला ‘टाचणी’ म्हणते. तोंडावर म्हणते, आणि ती ओ देते. याची कारणं दोन. ओठांत कायम टाचण्या धरून, त्या न काढताच ती बोलते. आणि जे बोलते ते टोचतं.

“पँट आटलेली नाहीये साहेब,” असं ती बँकेतल्या जाड्या कॅशियरला माझ्यादेखत म्हणाली. “पँट आहे तशीच आहे. आता बोला, कुठे उसवू?”

तिच्या जोडीला तिची नणंद. काजं, बटणं, हूक, हातशिलाई हे नणंदेचं खातं. टाचणीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. “नवरा गेला आणि नणंद राहिली,” टाचणी म्हणायची, “अशी वाटणी वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नये.” त्यावर नणंद मान वर न करता म्हणायची, “भाऊ जाताना मला हिच्या गळ्यात बांधून गेला. गळा बघून तरी बांधायचं!” दिवसभर हेच. एक दिवस दोघी गप्प होत्या तर मला वाटलं, कुणीतरी गेलं.

मी वरच्या मजल्यावर राहते. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले, गुडघे माझ्याआधीच निवृत्त झाले. बाहेरून आले की जिना चढण्याआधी टाचणीच्या स्टुलावर बसून दम खायचा, हा माझा नेम. म्हणून हे सगळं मी पाहिलं. ऐकीव असतं तर मीच विश्वास ठेवला नसता.

टाचणीचं मशीन पायाचं. लोखंडी जाळीची पायपट्टी, वर मोठं चाक, चामड्याचा पट्टा. ते ती अनवाणी चालवायची. चप्पल घातली की मशीन कळत नाही, म्हणायची; सुई जाड कापडात अडली तर ती आधी पायाला कळते, मग हाताला. तरुणपणी ती कपड्यांच्या कारखान्यात होती. तिथला एक नियम तिने जन्मभर पाळला. मशीनची सुई तुटली की दोन्ही तुकडे सापडेपर्यंत पुढचा टाका घालायचा नाही. गिऱ्हाइकाच्या कपड्यात तुकडा राहिला तर काय घ्या?

त्या वर्षी शाळा उघडायच्या आधी गणवेशांचा डोंगर होता. सुई तुटली. एक तुकडा मशीनमध्येच राहिला, दुसरा मिळेना. नणंदेने झाडू मारला, गणवेश झटकून झटकून पाहिले, शेवटी टाचणीने नवी सुई लावली. “पोरांच्या कपड्यांत नाही ना? मग असेल कुठेतरी.”

कुठेतरीच होता.

संध्याकाळी दुकान आवरताना त्या जमिनीवरून लोहचुंबक फिरवायच्या. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बशीएवढं, दोरीला बांधलेलं. पडलेल्या टाचण्या त्याला चिकटून येत. गणवेश संपले त्या आठवड्यात मी अशीच स्टुलावर बसले होते. टाचणी उजवा पाय लांब करून कोटाची घडी टाचत होती. नणंद चुंबक ओढत चालली होती. ते टाचणीच्या पायापाशी आलं आणि तळव्याला चिकटलं.

“वहिनी, पाय काढ.”

“तू ओढतेयस. मी कुठे काय केलंय?”

नणंद हसली, दोरीला हिसडा दिला. चुंबक सुटलं. त्याच्या कडेला अर्धी सुई उभी होती, आणि सुईच्या मागोमाग तळव्यातून काळं-पिवळं काहीतरी ओघळलं.

मला धक्का त्या सुईचा बसला नाही. धक्का बसला तो टाचणी कोट टाचतच राहिली याचा. ओठांत टाचण्या, नजर घडीवर. तिने ‘स्स’सुद्धा केलं नाही.

“अगं, तुझ्या पायातून सुई निघाली!”

“हो का?” तिने वाकून पाहिलं. “सापडली म्हणजे. मला चुकल्यासारखं वाटत होतं.”

साखरेचा आजार तिला होता, मला ठाऊक होतं. गोळ्या ती एक दिवसाआड घेते हे मात्र तेव्हा कळलं. “रोज घेतल्या तर लवकर संपतात,” म्हणाली. पाय कधी बधिर झाला ते तिला सांगता येईना. सुई अडली की आधी पायाला कळते म्हणणारी बाई, आणि सुई पायातच राहिली तरी पायाला पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिला सरकारी दवाखान्यात नेलं. कमी मिळकतीच्या लोकांसाठी आरोग्य योजना आहे, त्याचं कार्ड तिने प्लास्टिकमध्ये घालून कपड्यांच्या कपाटात ठेवलं होतं. खिडकीवरच्या बाईने कार्ड पाहिलं, संगणकात पाहिलं, आणि तिला लगेच भरती करून घेतलं. डॉक्टरांनी जखम उघडली, साफ केली. औषध, इंजेक्शनं, जेवण, पांढरी चादर, एका पैशाची मागणी नाही. मी जन्मभर कर भरत आले आणि जन्मभर त्यावर कुरकुरत आले; त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, चला, कुठेतरी लागला. मी हे टाचणीला बोलूनही दाखवलं.

“मग ही चादर तुमची म्हणायची,” ती म्हणाली. “कडेची शिलाई बघा. सरळ नाहीये.”

घरी सोडताना डॉक्टर आले. तरुण होते, डोळे तारवटलेले, पण नीट बोलत. एक दिवसाआड पट्टी बदलायची. साखरेच्या गोळ्या रोज, चुकवायच्या नाहीत. जखम भरेपर्यंत पायावर भार द्यायचा नाही. भरली की खास मऊ तळाची पादत्राणं, मापानं बनवलेली.

“हे सगळं कुठे मिळेल?” टाचणीने विचारलं.

“बाहेर,” डॉक्टर म्हणाले आणि खाली बघायला लागले.

मी खिडकीवर गेले.

“हे योजनेत बसत नाही, आजी.”

“बसत नाही म्हणजे?”

“योजना भरती झालेल्यांसाठी आहे. या आता घरी चालल्या ना.”

“ती घरी गेली की जखम काय इथेच ठेवून जाणार आहे?”

“पट्टी वॉर्ड क्लिनिकमध्ये फुकट बांधून देतात. पट्टीचं सामान आपण न्यायचं.”

वॉर्ड क्लिनिक पुलापलीकडे. सकाळी रांग लागते. म्हणजे ज्या पायावर उभं राहायचं नाही, त्या पायावर पूल ओलांडून, रांगेत उभं राहून, तो पाय त्यांना दाखवायचा. मी हे खिडकीवरच्या बाईला सांगितलं. तिने मान हलवली. वाईट बाई नव्हती ती.

“मग पुन्हा भरती करा हिला,” मी म्हटलं.

“पट्टीसाठी भरती नाही होत. काही झालं तर करतात.”

“काही झालं तर म्हणजे काय झालं तर?”

“म्हणजे...” ती घुटमळली. “वाढलं तर.”

मी वाद घालण्यात कच्ची नाही. पण त्या दिवशी मी कार्ड पिशवीत घातलं आणि मागे वळले. बैल गेला आणि झोपा केला असं आपण वेंधळ्या माणसाला म्हणतो. इथे बैल जाईपर्यंत झोपा करायचा नाही, असा लेखी नियम होता.

सामान मी आणते म्हटलं. पहिल्या खेपेचं आणलंही. टाचणीने ते घेतलं, आणि त्याच आठवड्यात माझ्या घरच्या पडद्यांना नवं अस्तर लागलं. मी रागावले.

“तुला पाय टेकू नको म्हटलं होतं ना? पडदे कशावर शिवलेस?”

“डाव्यावर.”

“आणि हे परतफेडीचं खूळ कशाला?”

“बाई, फुकट शिवून घेणारं गिऱ्हाईक मला आवडत नाही. मी तसं कशी होऊ?”

ती खरंच डाव्या पायाने मशीन चालवत होती. मला वर आवाज यायचा. इतकी वर्षं खालून एकसारखी खडखड येई. आता मशीन लंगडत होतं, एक लांब, एक तोकडं. पट्टीचं विचारलं की ती म्हणायची, “होतेय ना. क्लिनिकातली पोरगी येता-जाता बघते.” नणंद तेव्हा बटणात डोकं घालायची. मग एके दिवशी मशीन पुन्हा सरळ चालायला लागलं. मी वर चहा करत होते. वाटलं, भरली जखम. सुटली बिचारी.

नंतर एका सकाळी नणंद धापा टाकत वर आली. इतकी वर्षं ती माझ्या दारात कधी आली नव्हती.

“बाई, जरा खाली या. वास येतोय.”

“कसला?”

“वहिनीला येत नाहीये. मला येतोय.”

टाचणी मशीनपाशी बसली होती, उजव्या पायात एक मोजा. बाजारातला नव्हता, तिने शिवलेला. सामान संपल्यावर तिने घरचीच सोय केली होती. कोटाच्या अस्तराचं नवं कापड, आडव्या-उभ्या नाही तर तिरक्या धाग्यावर कापलेलं, म्हणजे पायावर घट्ट बसावं. टाचेला दोन चुण्या. बाजूला बारीक हुकांची ओळ. आत जुन्या धुतलेल्या कापडाच्या घड्या. दुकानातल्या काचेत ठेवावा असा.

“क्लिनिकमध्ये त्या गुंडाळतात कशाही,” टाचणी म्हणाली. “चार पावलांत सुटते. हा हलत नाही. बघा, एक सुरकुती आहे का?”

सुरकुती नव्हती. तिच्या हातच्या कुठल्याच कपड्याला नसते. माप असं चोख की रक्तालाही जागा ठेवली नव्हती. दुखणाऱ्या पायाने पहिल्याच दिवशी बोंब मारली असती. हा पाय मुका होता.

नणंदेने एक-एक हूक सोडला. मोजा उतरला. दोन बोटं काळी ठिक्कर होती, जळक्या लाकडासारखी, आणि काळं पुढे तळव्यात सरकलं होतं. नणंदेने भिंतीला हात टेकला. मी शिकवलेल्या पोरांना ॲसिडने भाजलेलं पाहिलंय, मी चटकन घाबरणारी नव्हे. पण मी नजर फिरवली.

टाचणी पायाकडे बघत राहिली. ओठांतल्या टाचण्या तिने एकेक काढून उशीला खोचल्या. मग म्हणाली, “फिटिंग जास्त झालं.”

दवाखान्यात पुन्हा तीच खिडकी, तीच बाई. तिने डॉक्टरांची चिठ्ठी वाचली, संगणकावर बोटं चालवली आणि तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी खोटं लिहीत नाही.

“आता बसतंय, आजी!”

मला तिला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हातात फक्त पिशवी होती. पण ती मनापासून खूश होती; आमच्यासाठीच खूश होती. दिवसभर ‘बसत नाही, बसत नाही’ म्हणून तिची जीभ झिजली असणार.

डॉक्टर तेच. त्यांनी पडदा ओढला आणि सांगितलं, पंजा अजून वाचू शकतो. दोन बोटं काढावी लागतील. पुढे काही महिने एक दिवसाआड पट्टी, गोळ्या, इंजेक्शनं, पाय अजिबात टेकायचा नाही.

“हे महिने इथे का घरी?” टाचणीने विचारलं.

“घरी.”

“म्हणजे बाहेर.”

“हो.”

“आणि जमलं नाही तर?”

“तर कदाचित गुडघ्याच्या वरून काढावा लागेल.”

“आणि आत्ताच गुडघ्याखालून काढला तर?”

डॉक्टर कागद चाळायला लागले. टाचणीनेच विचारत विचारत त्यांच्याकडून काढून घेतलं, उसवायच्या शिलाईतला एकेक धागा काढावा तसं. शस्त्रक्रिया योजनेत. भरती योजनेत. नकली पाय योजनेत. अपंगत्वाचा दाखला मिळाला की दुसऱ्या खात्याकडून मोटारीचं शिलाई मशीनही मिळतं.

“मोटारीचं?” ती म्हणाली.

“गप्प बस,” मी म्हटलं.

“मग काढाच, साहेब.”

“अगं, पाय आहे तो! बाही नाही, आखूड करून द्यायला!”

“ओरडू नका बाई, लोक बघतायत.” ती अगदी शांत होती. गिऱ्हाइकाला कापड पुरणार नाही हे समजावून सांगावं तसं ती मला समजावत होती. “ठेवायचा म्हटला तर सगळं आपलं आपण. काढायचा म्हटला तर सगळं सरकारचं. मी किती दिवस काम न करता बसू? ठेवायला गेले आणि फसलं, तर मांडीपासून जाईल. नकली पायाला गुडघा असलेला बरा.”

“पैसे मी देते.”

“किती महिने? तुम्ही देणार, मी पडदे शिवणार, पडदे शिवायला पाय टेकणार. तेच की पुन्हा.”

मी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर योजनेच्या अधिकाऱ्याकडे गेले. सभ्य माणूस. बसा म्हणाला, पाणी दिलं. मी म्हटलं, कापायला जो खर्च तुम्ही करताय त्याच्या तुकड्यात हा पाय वाचतो. तो म्हणाला, “खरंय तुमचं.” मी भांडायच्या तयारीने गेले होते, हा कबूल करून मोकळा. “पण वाचवण्याचं पॅकेज नाहीये हो आपल्याकडे. तुम्ही सूचना लिहून द्या.” मी खरडली आणि दिली. अजून उत्तर यायचंय.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डॉक्टर निळ्या पेनाने तिच्या पोटरीवर रेघ ओढायला आले. टाचणी उठून बसली, निरखून पाहू लागली.

“सरळ नका कापू. थोडी माया ठेवा, मागून दुमडायला.”

“ठेवतो,” डॉक्टर म्हणाले. “मागचा भाग लांब ठेवूनच पुढे आणतो आम्ही.”

“मग येतंय तुम्हाला,” ती म्हणाली. डॉक्टर हसले. हसताना त्यांचं पेन हललं, आणि त्यांना ती रेघ पुसून पुन्हा काढावी लागली. दुसऱ्या खेपेला ते हसले नाहीत.

आम्ही दोघी बाहेर बाकावर. नणंदेने कुणाच्यातरी शर्टांचा गठ्ठा बरोबर आणला होता. ती एकापाठोपाठ एक काजं घालत होती. मध्येच तिने दोरा दाताने तोडला आणि विचारलं, “बाई, त्या पायाचं पुढे काय करतात हो?”

मला माहीत नव्हतं.

“तिला सांगू नका मी विचारलं म्हणून,” ती म्हणाली. “माझ्या भावाच्या घरात ती त्याच पायाने आली होती. उजवाच टाकला होता आधी. मीच ओरडले होते, उजवा, उजवा म्हणून.” आणि पुढचं काज घ्यायला लागली.

नकली पाय मिळाला. योजनेचं हेही खरं की तो चांगला मिळाला. मोटारीचं मशीनही आलं. ते डाव्या पायाने दाबलं तरी चालतं, लहानशी पट्टी, जरा दाबली की भर्रकन पळतं. टाचणीला ते आवडत नाही. “सांगून ऐकत नाही,” म्हणते. जुनं मशीन बुटक्या बाजूला सरकवलंय, त्यावर गठ्ठे असतात. मी एकदा अचानक खाली गेले तर मोटारीवर कपडा चालू होता आणि टेबलाखाली तिचा उजवा गुडघा वरखाली होत होता, जुन्या लयीत. मी खोकले. गुडघा थांबला.

“काय बघताय?” ती म्हणाली. “पाय विसरतोय, गुडघा विसरत नाही.”

नकली पायाचा पट्टा घट्ट करायला आम्ही पुन्हा दवाखान्यात गेलो तेव्हा मी खिडकीवर डाव्या पायाचं विचारलं. तोही तसाच आहे, बधिर. डॉक्टरांनी सांगितलंय, दर महिन्याला तपासून घ्या, साखर मोजत राहा, गोळ्या रोज, मऊ चप्पल आत्तापासून. खिडकीवरच्या बाईने मला ओळखलं. उठून उभी राहिली.

“डाव्याला अजून काही झालेलं नाही ना?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग नाही बसत, आजी,” ती म्हणाली. तिने माझ्या नजरेला नजर दिली नाही.

मी तिथे उभीच. मागचे लोक म्हणाले, आजी, पुढे सरका. एकदा धक्का बसला की माणूस शहाणा होतो म्हणतात; मला तोच धक्का त्याच खिडकीवर दुसऱ्यांदा बसला, तेवढ्याच जोराचा.

गोळ्या आता मी आणते. टाचणी मुकाट्याने घेते, माझ्याकडे नवे पडदे येत नाहीत. मला तिचं हे मुकाट्याने घेणं बघवत नाही.

संध्याकाळी दुकान आवरलं की ती डावा पाय स्टुलावर ठेवते. मी चष्मा लावते, बॅटरी लावते, बोटांच्या बेचक्यांत बघते. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेने काय बघायचं असतं ते डॉक्टरांनी मला दाखवून ठेवलंय. माझी नजर आता पूर्वीसारखी नाही. म्हणून नंतर नणंद बघते. मग ती दोरी हातात घेते, चुंबक उचलून तळव्याखालून हळूच नेते, टाचेकडून बोटांकडे, पुन्हा बोटांकडून टाचेकडे. तेवढा वेळ आम्ही तिघी बोलत नाही. टाचणीला तर त्यातलं काही कळत नाही, ती आमच्या तोंडांकडे बघत असते.

चुंबक पलीकडून निघतं. मोकळं.

“झालं का?” टाचणी म्हणते. ओठांत टाचण्या असतात. “मग पाय द्या माझा. कोटाचं गिऱ्हाईक येईल आत्ता.”